बंद न पडणारा जनरेटर

द्रोणागिरी, उरण
१४ ऑक्टोबर २०२५

ती. दत्तात्रेयमामा,
सा. न.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहिते. काय घडलं ते आधी क्रमाने मांडते.

१. गुरुवारी ९ ऑक्टोबरला सकाळी, खारकोंडच्या तुमच्या बर्फ कारखान्यात सखुबाई लाद्या फोडायच्या क्रशरपाशी कामाला होती.
२. कारखाना नेहमीसारखा जनरेटरवर चालू होता.
३. क्रशरच्या तोंडाशी बर्फ अडकला. सखुबाईने तो दांड्याने ढकलला आणि तोल सावरायला उजवा हात क्रशरच्या पत्र्यावर टेकला. जमीन ओली होती. ती अनवाणी होती.
४. तिला शॉक बसला. हात सुटेना.
५. जनरेटर आपणहून बंद पडला नाही.
६. विनेश वायरमनने धावत जाऊन मुख्य स्विच खाली ओढला, तेव्हा ती सुटली.
७. तिला माणगावला नेलं. जीव वाचला. तळहात भाजला आहे आणि तीन बोटं मिटत नाहीत.

शनिवारी मी आगरदांड्याहून बोटीने आले. तुम्ही अलिबागला वकिलांकडे गेला होता. सगळ्या मोटरी आणि केबली मी तपासल्या. पॅनेलच्या खोलीला वीज खात्याच्या इन्स्पेक्टरने सील ठोकलं आहे, त्यामुळे ती आतून पाहिली नाही.

दोन वर्षांपूर्वी या जनरेटरची अर्थिंग मी बदलून दिली, म्हणून तिच्याबद्दल थोडं. त्याआधी जनरेटरचा न्यूट्रल थेट जमिनीला जोडलेला होता. अशा जोडणीत एखाद्या मोटरमधून वीज जमिनीत गळाली की मोठा प्रवाह वाहतो आणि ब्रेकर लगेच पडतो. तुमच्याकडे खारी हवा, बारा महिने ओल. कारखाना सारखा बंद पडायचा, लाद्या मध्ये पोकळ राहायच्या आणि होड्या बर्फासाठी दुसरीकडे जायच्या. मी न्यूट्रल आणि जमीन यांच्यामध्ये रेझिस्टन्स घातला. आता पहिली गळती झाली तरी प्रवाह थोडाच वाहतो आणि यंत्र चालू राहतं. मात्र ती गळती शोधून काढावीच लागते. ती तशीच राहिली आणि दुसऱ्या फेजवर दुसरी गळती झाली, तर मशीनचा पत्रा आणि जमीन यांच्यात दोनशेचाळीसच्या जागी चारशेच्या आसपास व्होल्टेज उभं राहू शकतं.

तसंच झालं. पहिली गळती लाद्यांचे साचे उचलणाऱ्या क्रेनच्या मोटरला होती, बरीच जुनी. दुसरी क्रशरला. क्रशरला जमिनीशी जोडणारी अर्थची पट्टी मिठाने खाऊन तुटलेली होती.

पहिली गळती कळावी म्हणून पॅनेलवर मी तीन दिवे लावले होते, एकेका फेजचा एक. तिन्ही सारखे मिणमिणत असले तर सगळं ठीक. एक विझत आला आणि दोन प्रखर झाले तर गळती आहे असं समजायचं. हे मी विनेशला समोर उभं करून दाखवलं होतं. त्यावरून माझा निष्कर्ष: दिव्यांनी सूचना देऊनही वायरमनने तिची दखल घेतली नाही, आणि अर्थच्या पट्टीची देखभाल केली नाही.

तुम्ही मागितलेला अहवाल सहीसह जोडला आहे.

सखुबाईला दवाखान्यात भेटले. “दत्तूशेटची भाची ना गं तू?” म्हणाली. मी हो म्हटलं. त्या जोडणीच्या ड्रॉइंगवर माझं नाव आहे आणि मला त्याची लाज वाटते. अहवालात लाजेसाठी रकाना नसतो, म्हणून इथे लिहिलं.

मृणाल


खारकोंड
१७ ऑक्टोबर

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि अहवाल मिळाला. अहवाल वकिलांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “शेट, पोरीने तुमचं अर्धं काम केलंन.” त्याच दिवशी इन्स्पेक्टरच्या हापिसात जमा करून टाकला. आता १४ नोव्हेंबरला अलिबागला सुनावणी आहे. विनेशचं वायरमनचं परमिट रद्द होईल असा रंग दिसतो. वाईट वाटतं, पण कुणावर तरी येणारच होतं.

फोनवर बोलायचं नाही असं वकिलांनी बजावलंय. आजकाल फोन रेकॉर्ड होतो. पत्राचं कुणी काही करत नाही.

विनेश दारात आला होता. बायकोला घेऊन आला होता, ती उंबऱ्याबाहेरच थांबली. म्हणतो, “शेट, तुम्हीच सांगा ताईंना, मी बोललो होतो का नव्हतो?” मी म्हटलं, “विन्या, आता जे कागदावर गेलं ते गेलं. तुझ्या हाताला कला आहे, कुठेही पोट भरशील.” तो म्हणाला, “परमिट गेल्यावर शेट, गावात कुणाचा पंखापण जोडता येणार नाय मला.” मी आत आलो.

एक सांगतो, राग मानू नकोस. तुझे ते दिवे काही उपयोगाचे निघाले नाहीत. मी रोज सकाळी जनरेटरला नि पॅनेलला अगरबत्ती ओवाळतो, तुला ठाऊक आहे. त्या दिवशीसुद्धा ओवाळली. तिन्ही दिवे दुधासारखे लख्ख पेटलेले होते. एकही मंद नव्हता. पण हे मी कुणापाशी बोललो नाही. तुझं नाव खराब व्हायला नको. तूपण कुणाला सांगू नकोस.

दिवाळीला ये. मामीची पिल्लं यंदा एकपण दगावली नाहीत, तुझ्यासाठी एक कोंबडा राखलाय म्हणते.

तुझा मामा,
दत्तात्रेय


द्रोणागिरी
२४ ऑक्टोबर

ती. मामा,
सा. न.

पत्रही पुराव्यात धरलं जातं. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं लिहिताना तुम्ही सावध राहाल.

काल भाऊबीजेला आई तुमच्याकडे येऊन गेली. ओवाळून घेताना तुम्ही मान वर करून तिच्याकडे पाहिलं नाहीत आणि मामी सारखी आत जात होती, असं ती सांगत होती. “भांडण झालंय का त्यांचं?” मला विचारते.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. “तिन्ही दिवे दुधासारखे लख्ख.”

मी लावलेले दिवे दुधासारखे नव्हते. ते जुन्या पद्धतीचे होते, आत तार असलेले. मुद्दाम तसले शोधून आणले होते. त्यांना वीज कमी पुरवली होती, म्हणून ते नेहमी पिवळे, मिणमिणते दिसायला हवेत. तुम्हीच एकदा म्हणाला होता, “हे काय, चिमण्या लावल्यास का?” तारेच्या दिव्याचा गुण हा की वीज कमी झाली तर उजेड कमी होतो आणि वाढली तर वाढतो. त्यावरूनच गळती कळते. दुधासारखा पांढरा उजेड एलईडीचा, आणि एलईडीच्या आत सर्किट असतं. वीज बरीच कमी झाली, जास्त झाली, तरी ते उजेड तेवढाच ठेवतं. घरात ते सोयीचं आहे. त्या पॅनेलवर मात्र एलईडी लावले तर तो बोर्ड आंधळा झाला. क्रेनची गळती कितीही दिवस राहिली तरी तिन्ही दिवे लख्खच दिसणार.

म्हणजे विनेशला कुठलीही सूचना मिळालेली नव्हती. माझ्या अहवालातलं मुख्य वाक्य खोटं आहे.

ते मी खोटेपणाने लिहिलं नाही. पण त्या खोलीला सील होतं, मी आत गेले नव्हते, आणि तरी आतल्या दिव्यांनी काय दाखवलं हे मी ठामपणे लिहिलं. माझं काम मला येतं असं मी समजत होते. ऑफिसात असा अहवाल कुणी माझ्याकडे आणला असता तर मी तो वाचून पूर्ण व्हायच्या आत परत केला असता.

तुम्ही ते दिवे लख्ख असल्याचं माझं नाव राखायला लपवलंत. तेच सांगितलं असतंत तर विनेश सुटला असता.

दोनच गोष्टी विचारते. दिवे कुणी बदलले? आणि विनेश तुमच्याशी काय बोलला होता?

मृणाल


खारकोंड
२७ ऑक्टोबर

चि. मृणाल,

बल्ब कुणी बदलले हे मला काय ठाऊक? वायरमन तो, बल्ब त्यानेच बदलले असतील. बल्ब म्हणजे काय सोन्याचे दागिने आहेत, का मी त्यांच्यावर नजर ठेवून बसू?

तो काय बोलला होता म्हणतेस. क्रशरची पट्टी गेलीय, दोन तास कारखाना थांबवा, असं म्हणत होता. एकदा म्हणाला असेल, चारदा म्हणाला असेल. भर सीझनला थांबवायचा कधी? लाद्या ज्यात गोठतात ती मिठाच्या पाण्याची टाकी तापली की आख्खी पाळी फुकट. आधी बरं होतं, जनरेटर आपणहून पडायचा, तेवढ्यात तो पट्ट्या बघून घ्यायचा, स्क्रू आवळायचा. आता पडतच नाही तर तो बघणार कधी? आणि पडत नाही हे कुणामुळे? गावातल्या त्या साखरपुड्याच्या मांडवात चार माणसांत तूच म्हणालीस ना, “मामा, आता तुमचा कारखाना थांबणार नाही.” मी तेच सगळ्यांना सांगत फिरलो. माझ्या भाचीने बनवलंय म्हणून सांगत फिरलो.

तुझं इंजिनिअरिंग चाललं होतं तेव्हा मागे कोण उभं होतं ते आईला विचार. मी बोलून दाखवणारा माणूस नाही, पण तू बोलायला लावतेस.

कागद जमा झालाय. आता त्यात लुडबुड करू नकोस. या विषयावर पत्र पुरे.

दत्तात्रेय


खारकोंड
३१ ऑक्टोबर

मृणाल बाय हिला मामीचा आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं मी वाचली, मामांना न सांगता लिवतेय. माझं अक्षर सातवीचं हाय, सांभाळून घे.

दिवे मी काढले.

आषाढात मी पिल्लं काढली व्हती. पाऊस लागून ऱ्हायला, पिल्लं गारठून एकमेकांच्या अंगावर चढायची नि खालची चेंगरायची. खुराड्यात पिवळा दिवा लावला की ऊब येते. पांढऱ्याला ऊब न्हाय. पिवळा आता दुकानात मागितला तर पोरं हसतात, “मामी, कुठल्या काळातल्या तुम्ही?” कारखाना तवा बंद व्हता, होड्या वर ओढलेल्या. तुझे तीन दिवे तिथं उगाच लटकत व्हते. मी काढले. जागा रिकामी बरी दिसंना म्हणून घरातले पांढरे लावले. होड्या सुटल्या, कारखाना चालू झाला, तर उजेड उलट जास्तीच पडला. मामा बघून म्हणाले, “वा, आता कशी खोली कारखान्यासारखी दिसते.” त्यांना ठाऊक हाय मी लावले ते. तुला न्हाय म्हणाले असतील तर ते माझ्यासाठी म्हणाले.

विनेशने इचारलं व्हतं. म्हणाला, “मामी, ताईंचे दिवे कुठं गेले? त्यांना फोन करून इचारूया का?” मामा हसले त्याला. “बल्ब बदलायला इंजिनेर लागतो का रे तुला?” सगळी माणसं हसली. मीपण हसले. त्याने परत काय इचारलं न्हाय.

सखू माझ्या माहेरची. तिला दवाखान्यातून घरी आणल्यापासून मी रोज पेज नि सुकटीची चटणी घेऊन जाते, भरवते, उजव्या हाताने तिला काय धरता येत न्हाय. ती म्हणते, “किष्णे, तू का तोंड पाडून बसतेस? तू काय केलंस?” मी तिच्या तोंडात पुढचा घास घालते. पंधरा-वीस दिवस असंच चाललंय. घरी आले की त्या कोंबड्या अंगणात फिरतात. मला त्या डोळ्यासमोर नको झाल्यात.

एक इचारू? दिव्यांचं तू मामांना सांगितलंस, विनेशला सांगितलंस. त्या खोलीत झाडू रोज मी मारते. मला कधी का न्हाय सांगितलंस? मी चा घेऊन उभी व्हते तुझ्या मागं. तू कप घेतलास नि म्हणालीस, “मामी, जरा बाजूला हो, उजेड अडतोय.” दोष देत न्हाय. नुसतं इचारते.

मामा म्हणतात बाईमाणसाचं नाव सरकारी कागदावर गेलं की घराची अब्रू गेली. विनेशची बायको विहिरीवर भेटते, मी बाजूला होते, ती घागर भरून निघून जाते. मला ठरवता येत न्हाय. तुला काय बरोबर वाटेल ते कर.

कृष्णाबाई


द्रोणागिरी
५ नोव्हेंबर

मामी आणि मामा,

हे पत्र दोघांनी एकत्र वाचा.

मामी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुला सांगायला हवं असं माझ्या मनातच आलं नाही. चहाचा कप मला आठवतो, तुझं मागे उभं राहणं आठवत नाही.

१४ ऑक्टोबरचा अहवाल मी मागे घेतला आहे. नवा अहवाल आज अलिबागला माझ्या हाताने देऊन आले. तुमची परवानगी घेतली नाही, कारण तुम्ही नाही म्हटलं असतं तरी मी दिला असता, आणि मग विचारणं हा नुसता देखावा झाला असता. त्यात काय आहे ते तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून सांगते.

सुरुवात माझ्यापासून आहे. रेझिस्टन्समधून अर्थिंग करायची पद्धत चुकीची नाही. मोठ्या वीजघरांत ती असते, मी नोकरी करते त्या कंटेनर यार्डातही आहे. तिथे पाळीवर माणूस बसलेला असतो. पहिल्या गळतीला घंटा वाजते, आणि ठरलेल्या मुदतीत यंत्र थांबवून ती गळती काढतात. यंत्र चालू राहतं ते गळती शोधायला सवड मिळावी म्हणून. मी तिथली जोडणी उचलून खारकोंडला आणली. माणूस, घंटा आणि थांबायची मुदत आणली नाही. तीन दिवे लावले आणि मांडवात फुशारकी मारली. न्यूट्रल थेट जोडलेला असता आणि गळतीचा ब्रेकर बसवला असता, तर सखुबाईचा हात लागताच जनरेटर पडला असता. लाद्या पोकळ राहिल्या असत्या. हे वाक्य मी अहवालात याच शब्दांत लिहिलं आहे.

पूर्वी जनरेटर बंद पडायचा त्या वेळात विनेश देखभाल करायचा. मी तो वेळ काढून टाकला आणि त्याच्या जागी दुसरा वेळ ठरवून दिला नाही. पट्टी तुटल्याचं त्याने मालकांना सांगितलं होतं, हे तुमच्या पत्रावरून लिहिलं आहे, मामा. त्या सकाळी तिन्ही दिवे लख्ख होते, हेही. तुमची दोन्ही पत्रं मी जोडली आहेत.

मामी, तुझं नाव आहे. दिवे तू बदललेस, आणि ते कशासाठी आहेत हे तुला कुणीही सांगितलेलं नव्हतं, अशी ती दोन वाक्यं एकापाठोपाठ आहेत. तुझं पत्र मी जोडलेलं नाही. ते माझ्यासाठी होतं.

जनरेटरचा न्यूट्रल पुन्हा थेट जमिनीला जोडून, गळतीचे ब्रेकर बसवून आणि इन्स्पेक्टरकडून पास करून घेतल्याशिवाय कारखाना सुरू करू नका. हे काम माझ्याकडून करून घेऊ नका.

मृणाल


खारकोंड
७ नोव्हेंबर

मृणाल,

वाचलं. वकिलांनी फोन करून मला अर्धा तास झापलं. म्हणाले, “शेट, तुम्हाला पत्रं लिहायला कुणी सांगितलं होतं?”

मी सुनावणीला येणार नाही. खोटं बोलावं लागेल म्हणून नाही. त्या हापिसात विनेश समोर उभा असेल, बाजूला त्याची बायको असेल, आणि मला विचारतील, हे तुमचं अक्षर का? मला ते जमणार नाही. सगळ्या गावाला मी शेट म्हणून ठाऊक आहे. काल सोसायटीच्या ओट्यावर गेलो तर बोलत बसलेली माणसं एकेक करून उठून गेली.

तुझी मामी मात्र येते म्हणते. काल सखुबाईपाशी जाऊन सगळं बोलून आली. काय झालं ते मला सांगत नाही. परत आली तशी डबा न धुता झोपली. सकाळी उठून म्हणाली, “मी अलिबागला जाणार. माझं नाव हाय तर तोंडपण माझंच हवं.” जन्मात एकटी एस्टीत बसलेली नाही. तिला न्यायला कुणी तरी ये, नाहीतर भलत्याच स्टँडवर उतरेल.

तुझ्यावर राग आहे. तो राहील.

दत्तात्रेय


द्रोणागिरी
८ नोव्हेंबर २०२५

श्री. विनेश यांस,

तुमच्यावर दोष ठेवणारा अहवाल मी लिहिला होता. तो मी मागे घेतला आहे. नव्या अहवालाची प्रत सोबत आहे. कृपया सगळी वाचा.

११ ऑक्टोबरला मी कारखान्यात आले तेव्हा पूर्ण वेळ तुम्ही माझ्याबरोबर होता. क्रेनवर चढताना तुम्ही शिडी धरली. मीटरची दुसरी वायर तुमच्या हातात होती. तुटलेली पट्टी मला तुम्हीच दाखवलीत. मी तुम्हाला इतकंच विचारलं की ही केबल कुठे जाते. तुम्ही काही सांगायला तोंड उघडलंत आणि मी रीडिंग वाचून दाखवायला लागले. घरी जाऊन मी लिहिलं की तुम्ही दखल घेतली नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला न विचारता त्याच्याबद्दल लिहिलं, याची मला वाटणारी लाज कमी झालेली नाही, आणि ती तुम्ही कमी करावी अशी अपेक्षाही नाही.

तुम्हाला खोटा धीर देत नाही. नव्या अहवालानंतर मुख्य ठपका माझ्या जोडणीवर आणि मालकांच्या निर्णयावर आहे. पण पट्टी तुटलेली ठाऊक असताना क्रशर का वापरू दिला, हा प्रश्न अधिकारी तुम्हाला विचारतील. परमिट राहील असं मी सांगू शकत नाही. मालकांनी कारखाना थांबवायला नकार दिला होता, हे त्यांच्या पत्रात आहे. पण तुमच्या तोंडून ते अजून कुठेच नोंदलेलं नाही.

म्हणून तुमची हकीकत तुमच्या शब्दांत लिहून हवी आहे. पट्टीचं तुम्ही कुणाला, कधी, काय सांगितलंत. दिव्यांबद्दल काय विचारलंत आणि काय उत्तर मिळालं. त्या सकाळी तुम्ही कुठे होता. मी काय केलं आणि काय करायला हवं होतं, हेही लिहा. मी त्यातला एक शब्द बदलणार नाही. मूळ कागद तसाच जोडेन. माझ्या नव्या अहवालात एखादं वाक्य चुकीचं वाटलं तर त्यावर रेघ मारा आणि बाजूला कारण लिहा.

मी १३ तारखेला मामींना न्यायला खारकोंडला येणार आहे. तुमच्या घरी यावं की नाही, हे तुम्ही आणि तुमच्या घरच्यांनी ठरवा. नको असेल तर तसं लिहा, मी येणार नाही.

सुनावणी शुक्रवारी, १४ तारखेला आहे. बुधवार, १२ नोव्हेंबरपर्यंत उत्तर पाठवा.

मृणाल